जागा वाढवली आणि फेऱ्याही वाढल्या

ऑपरेटिंग सिस्टिमचं कुठलंही पाठ्यपुस्तक घ्या. मेमरीच्या प्रकरणात बहुतेक वेळा आकड्यांची एक ओळ सापडते: १, २, ३, ४, १, २, ५, १, २, ३, ४, ५. सोलापुरात इंजिनिअरिंग किंवा बीसीए करणाऱ्या पोरांना ती जवळपास पाठ असते. रकाने आखायचे, पेज फॉल्ट मोजायचे, उत्तराला चौकट करायची, झालं. मी हा विषय शिकवतो आणि मला दरवर्षी वाईट वाटतं ते याचंच. पुस्तकातली सर्वांत चकित करणारी गोष्ट पोरं स्वतःच्या हातानं कागदावर काढतात, आणि तिच्याकडं न बघता पान उलटतात.

आधी थोडी पार्श्वभूमी. प्रोग्राम चालायचा तर त्याचा कोड आणि डेटा रॅममध्ये असावा लागतो. पण रॅम मोजकी आणि प्रोग्राम भरपूर. म्हणून ऑपरेटिंग सिस्टिम प्रोग्रामचे सारख्या मापाचे तुकडे करते. या तुकड्यांना पेज म्हणतात. आपल्या नेहमीच्या कॉम्प्युटरवर एक पेज साधारणपणे ४०९६ बाइटचं असतं. लागतील तेवढी पेजेस रॅममध्ये, बाकीची डिस्कवर. मँचेस्टरमध्ये १९६२ साली सुरू झालेल्या ‘ॲटलस’ कॉम्प्युटरवर ही कल्पना पहिल्यांदा प्रत्यक्षात आली.

प्रोग्रामनं मागितलेलं पेज रॅममध्ये नसलं की पेज फॉल्ट होतो. प्रोसेसर चालू सूचना तिथंच थांबवून ऑपरेटिंग सिस्टिमला हाक मारतो, ती डिस्कवरून पेज आणते आणि तीच सूचना पुन्हा चालवायला लावते. मधे काही घडलं याचा प्रोग्रामला पत्ताही नसतो. खर्च मात्र जबर. रॅममधून वाचायला सुमारे १०० नॅनोसेकंद लागतात, तर जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवरून काही मिलिसेकंद. म्हणजे हजारो पटींचा फरक. एसएसडीनं तो बराच कमी केला, तरी मिटवलेला नाही.

आता सोलापूरच्या चाटी गल्लीतल्या एखाद्या कापडाच्या दुकानाची कल्पना करा. काउंटर म्हणजे रॅम, पोटमाळा म्हणजे डिस्क, चादर म्हणजे पेज आणि शिडीवरची फेरी म्हणजे पेज फॉल्ट. काउंटरवर तीनच चादरी मावतात, बाकीचा माल पोटमाळ्यावर. गिऱ्हाइकानं मागितलेली चादर काउंटरवर असली तर प्रश्नच नाही. नसली तर पोऱ्या शिडी चढतो, ती खाली आणतो आणि जागा करायला काउंटरवरची एक वर नेतो. कोणती न्यायची? सगळ्यात सोपा नियम म्हणजे जी सगळ्यात आधी खाली आली तीच आधी वर जाणार. पुस्तकात यालाच फिफो (फर्स्ट इन, फर्स्ट आउट) म्हणतात.

सुरुवातीची आकड्यांची ओळ या नियमानं चालवू. तिच्यातला प्रत्येक आकडा म्हणजे त्या नंबरच्या चादरीची एक मागणी. पेन्सिल हातात असेल तर फारच उत्तम. पहिल्या तीन मागण्यांना तीन फेऱ्या, कारण काउंटर रिकामं आहे. मग ४ आली, सगळ्यात जुनी १ वर गेली. लगेच कुणीतरी १ मागितली, म्हणून २ गेली. मग २ हवी झाली, ३ गेली. मग ५ आली, ४ गेली. इथपर्यंत सातही मागण्यांना शिडी चढावी लागली. आता काउंटरवर १, २ आणि ५ आहेत. पुढच्या १ आणि २ च्या मागण्या जागेवर भागतात, ३ आणि ४ साठी पुन्हा दोन फेऱ्या, शेवटची ५ काउंटरवरच. एकूण ९ फेऱ्या.

मालकानं काउंटर वाढवलं, आता चार चादरी मावतात. फेऱ्या कमी व्हायला हव्यात. पहिल्या चार मागण्यांना चार फेऱ्या, नंतरच्या १ आणि २ समोरच आहेत. सुरुवात छान झाली. मग ५ आली, आणि सगळ्यात जुनी म्हणून १ वर गेली. पुढची मागणी नेमकी १ ची. ती आणायला २ वर पाठवली, तर पुढची मागणी २ ची. तिच्यासाठी ३ गेली, तर लगेच ३ हवी. शेवटपर्यंत हेच. पुढच्या क्षणी लागणारी चादर दर वेळी आपण आत्ताच वर पाठवलेली असते. एकूण १० फेऱ्या.

जागा वाढली आणि काम वाढलं! १९६९ साली आयबीएममधल्या लास्लो बेलाडी, नेल्सन आणि शेडलर यांनी हा प्रकार प्रसिद्ध केला. तेव्हापासून तो ‘बेलाडीची विसंगती’ म्हणून ओळखला जातो.

हे असं का होतं, हा प्रश्न मी वर्गात टाकतो तेव्हा ‘सर, ती विसंगती आहे’ असं उत्तर येतं. ते काही कारण झालं नाही. कारण पाहायचं तर आठव्या मागणीपाशी थांबा. तीन जागा असताना १ आणि २ मध्येच वर जाऊन परत आल्या होत्या, त्यामुळं त्या रांगेत नव्या ठरल्या आणि ५ आली तेव्हा वाचल्या. चार जागा असताना त्या काउंटरवरच मिळाल्या, म्हणून त्यांचा नंबर जुनाच राहिला आणि पहिला बळी त्यांचाच गेला. फिफो फक्त येण्याची वेळ बघतो, वापराकडं ढुंकूनही बघत नाही. आत्ताच मागितलेली चादर आणि तासभर कुणी न विचारलेली चादर त्याच्या लेखी सारखीच.

मग वापर बघणारा नियम घेऊ. जी सगळ्यात जास्त वेळ कुणी मागितली नाही ती वर जाणार. याला एलआरयू (लीस्ट रिसेंटली यूज्ड) म्हणतात. हीच ओळ या नियमानं चालवा: तीन जागांना १० फॉल्ट, चार जागांना ८. तीन जागांवर एलआरयू या ओळीत फिफोपेक्षाही एकानं मागं पडतो, हे मला फार मोलाचं वाटतं. कुठलाच व्यवहार्य नियम प्रत्येक ओळीवर जिंकत नाही. पण एलआरयूमध्ये जागा वाढवून फॉल्ट वाढणं कधीच शक्य नाही. तीन जागांत कायम शेवटी मागितलेली तीन वेगवेगळी पेजेस असतात, चार जागांत शेवटची चार. तीनमधलं प्रत्येक पेज चारमध्ये असतंच. मग तीनमध्ये जे सापडलं ते चारमध्ये सापडणारच. मॅटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० मध्ये हा गुण असलेल्या नियमांचा एक गटच मांडला. पुस्तकात तो बहुधा एका परिच्छेदात उरकलेला असतो. माझ्या मते अख्ख्या प्रकरणाचा गाभा तिथं आहे. फिफोची दोन कोष्टकं शेजारी ठेवून पाहा. सातव्या मागणीनंतर तीनमध्ये १, २, ५ आहेत आणि चारमध्ये २, ३, ४, ५. तीनमधली १ चारमध्ये नाही. गडबड तिथूनच सुरू होते.

रॅम वाढवायची की नाही, अशी शंका यावरून कुणी घेऊ नये. रोजच्या कामात रॅम वाढवली की फायदाच होतो. विंडोजच्या रिसोर्स मॉनिटरमध्ये मेमरीच्या टॅबवर हार्ड फॉल्टचा रकाना असतो. कमी रॅमच्या मशिनवर ब्राउझरच्या टॅब उघडत जा आणि तो रकाना बघा, डिस्कवरच्या फेऱ्या डोळ्यांसमोर दिसतील.

प्रत्यक्ष मशिनवर शुद्ध एलआरयू परवडत नाही, कारण मेमरीच्या प्रत्येक वापराची वेळ टिपून ठेवावी लागेल. त्याऐवजी प्रोसेसर प्रत्येक पेजसाठी एकच बिट, म्हणजे ० किंवा १ अशी खूण, ठेवतो: मधल्या काळात हे वापरलं गेलं की नाही. ‘सेकंड चान्स’ नावाचा नियम जुन्या पेजपाशी जातो, बिट १ असेल तर तो ० करून त्या पेजला एकदा सोडतो आणि पुढच्याकडं वळतो. सगळ्यांचेच बिट १ निघाले तर एक फेरी मारून तो पहिल्यापाशी परत येतो, आणि तेच बाहेर जातं. म्हणजे अशा वेळी तो निव्वळ फिफो होतो, आणि बेलाडीची विसंगती त्यालाही गाठू शकते.