नळावरचा पांढरा थर आणि सोडा-व्हिनेगरचा फेस

नळ स्वच्छ करण्याचा एक उपाय व्हिडिओंमधून सारखा फिरत असतो. नळाच्या तोंडावर खाण्याचा सोडा थापायचा, वर व्हिनेगर ओतायचे आणि भसाभस फेस आला की क्षार निघाले म्हणायचे. फेस खरा, निष्कर्ष खोटा. व्हिनेगर आम्ल आहे, सोडा आम्लारिधर्मी. दोघे एकमेकांना उदासीन करतात आणि हाती उरते सोडियम अॅसिटेटचे पाणी. हिशेब मांडून बघा. 5 टक्क्यांच्या 100 मिली व्हिनेगरमध्ये साधारण 5 ग्रॅम अॅसिटिक आम्ल असते आणि ते पुरते संपवायला 7 ग्रॅम सोडा पुरतो. तेच आम्ल थरावर पडले असते तर कागदोपत्री 4 ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे हाच पांढरा थर, विरघळले असते. नळाच्या तोंडाच्या जाळीत बसणारा थर क्वचितच एवढा भरतो. सोडा ओशटपणावर चांगला. पण तो आधी वापरून, धुऊन टाकून मग आम्लाकडे वळावे.

हा थर येतो कुठून? शाळेतला प्रयोग आठवा. चुन्याच्या निवळीत फुंकले की ती दुधाळ होते. इथपर्यंत सगळ्यांना आठवते. पण आणखी फुंकत राहिले की ती पुन्हा निवळते, हा उत्तरार्ध बहुतेक जण विसरतात आणि आपल्या कामाचा तोच आहे. जादा कार्बन डायऑक्साइड मिळाला की न विरघळणारे कॅल्शियम कार्बोनेट विरघळणाऱ्या बायकार्बोनेटमध्ये बदलते. जमिनीत झिरपणारे पाणी मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन चुनखडीतून जाते तेव्हा हेच घडते आणि पाणी जड, म्हणजे विरघळलेल्या कॅल्शियमने भरलेले, होते.

नळाच्या तोंडाशी हीच अभिक्रिया उलटी फिरते. तिथे बसवलेला एरेटर, म्हणजे आपली ती जाळी, पाण्यात हवा मिसळतो. हवेशी संपर्क वाढला की विरघळलेला कार्बन डायऑक्साइड सुटू लागतो. दर दोन बायकार्बोनेट आयनांमागे एक कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि एक कार्बोनेट आयन मागे राहतो; तो कॅल्शियमला धरतो. अर्थात वाहते पाणी जाळीतून क्षणात निघून जाते, तेवढ्यात फारसे काही बसत नाही. खरे काम चालते ते नळ बंद असताना. तारांवर अडकलेल्या पातळ पाण्यातून वायू उडतो, मग पाणीही उडते आणि द्रावण अतिसंपृक्त होते, म्हणजे त्यात मावतील त्याहून जास्त क्षार उरतात. तरीही गुळगुळीत पृष्ठभागावर पहिला स्फटिक बसायला अडचण येते, कारण अगदी लहान स्फटिककण स्वतःच अस्थिर असतो. एकदा खडबडीत थर तयार झाला की पुढच्या आयनांना आयती जागा मिळते. म्हणून थर थरावर झपाट्याने चढतो आणि म्हणूनच रात्री नळ कोरड्या फडक्याने पुसणे हा सगळ्यांत स्वस्त उपाय.

पाइपला चुंबक बांधून पाणी मऊ करून देणारी उपकरणेही मिळतात. चुंबकाने पाण्यातले कॅल्शियम कुठे जात नाही. जेवढे होते तेवढेच राहते. टीडीएस मीटरही एकूण विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो, जडपणा मोजत नाही. मिठाचे पाणी त्यात भरपूर आकडा दाखवेल, पण पांढरा दगडी थर देणार नाही.

आता सफाई. आधी सिंकचे भोक बंद करा. बारीक वॉशर तिथेच हरवतात. जाळी वरून पाहिल्यास घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवली की सुटते. हाताने हलली नाही तर फडके गुंडाळून पक्कड लावा. तरीही नाही, तर व्हिनेगरचे फडके अर्धा तास बांधून ठेवा. सुटे भाग कोणत्या क्रमाने निघाले त्याचा फोटो काढून ठेवा आणि रबरी वॉशर बाजूला काढा. बाकीचे भाग 100 मिली व्हिनेगरमध्ये किंवा 200 मिली पाण्यात 2 चमचे सायट्रिक आम्ल घालून अर्धा तास बुडवा. सायट्रिक आम्लाचे पाणी उकळते नको. कॅल्शियम सायट्रेट गरम पाण्यात आणखी कमी विरघळते आणि त्याचाच पांढरा साका बसू शकतो. बुडबुडे थांबले पण थर शिल्लक असेल, तर बहुधा आम्ल संपले आहे, द्रावण बदला. जाळी टाचणीने टोचू नका, भोके फाटतात. जुना टूथब्रश पुरे. वाळूचे कण आम्लाने विरघळत नाहीत, ते जाळी उलटी धरून धारेखाली निघतात. जाळी परत बसवण्याआधी नळ अर्धा मिनिट मोकळा सोडा. ती हातानेच आवळा. कडेने पाणी फुटले तर वॉशर राहिला किंवा वाकडा बसला.

नळाच्या अंगावर मात्र आम्ल 10-15 मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नये. चकाकणारा क्रोमचा लेप सहसा एक मायक्रॉनहूनही पातळ, त्याखाली निकेल, त्याखाली पितळ. हायड्रोक्लोरिक आम्लाचा टॉयलेट क्लीनर क्रोमियमलाच खातो, आणि तो ब्लीचमध्ये मिसळला तर विषारी क्लोरीन वायू सुटतो. काळ्या किंवा सोनेरी नळांना फक्त साबणाचे पाणी.

आणि नळ बंद करूनही ठिबकत असेल तर दोष जाळीचा नव्हे. पेचाच्या जुन्या नळात रबरी वॉशर झिजलेला असतो. पाव फेऱ्याच्या नळात सिरॅमिकच्या दोन चकत्या एकमेकींवर सरकतात. त्यांत कण अडकून ओरखडा पडला की कार्ट्रिज, म्हणजे चकत्यांचा तो आतला संच, बदलावे लागते. सेकंदाला एक थेंब आणि मिलीला 20 थेंब धरले तरी दिवसाला 4 लिटरहून जास्त पाणी जाते. नळाच्या दांड्यावरच्या नवीन ओ-रिंगला, म्हणजे गोल रबरी कडीला, सिलिकॉन ग्रीस लावा, व्हॅसलीन नको: ईपीडीएम जातीचे रबर तेलाने फुगते आणि दांडा घट्ट होतो.