टाइपरायटर फॉन्ट घेताय? मग बोल्ड करू नका

जुन्या टाइपरायटरवर टंकल्यासारखी अक्षरं हवीत, असं सांगून पत्रिका, मेनूकार्ड, मुखपृष्ठ करून घेणारे ग्राहक वाढले आहेत. प्रूफ हातात पडलं की पहिला प्रश्न ठरलेला: "अक्षरं तुटकी का? छपाई बिघडली का?"

बिघडलेली नाही. आमचा देवनागरी फॉन्ट जुन्या गोदरेज मशीनवर, विटलेल्या रिबनीने उमटवलेल्या अक्षरांवरून बनवला आहे. त्या मशीनवर 'भ', 'ण', 'श' ही अक्षरं दोन ठोक्यांत उमटत: आधी अर्धं अक्षर, मग काना. म्हणून तिथे बारीक फट दिसते, काना जरासा खाली बसतो. ते आम्ही मुद्दाम राखलंय.

खरा वेळ जातो तो बोल्डमुळे. अक्षरं फिकी वाटली की ग्राहक घरीच बोल्ड करतात. या फॉन्टला वेगळं बोल्ड नाही. मग सॉफ्टवेअर अक्षराची कड नुसती फुगवतं, झिजेचे पांढरे ठिपके बुजतात आणि उरतात ओबडधोबड काळी अक्षरं. तशीच फाइल कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांच्या नुसत्या आकृत्या करून आली, तर तो जाडपणा निघत नाही. सगळं मॅटर नव्याने बसवावं लागतं, म्हणून त्याचे पैसे वेगळे घेतो.

उठाव हवा असेल तर टाइपिस्ट करायचे तेच करा. मथळ्याखाली रेघ ओढा, अक्षरांत जागा सोडा, नाहीतर लाल रंग वापरा. काळी-लाल दुरंगी रिबन तेव्हाही होतीच. पत्रिकेत वधूवरांची नावं लाल फार सुरेख दिसतात.

14 पॉइंटखाली ही झीज डागासारखी वाटते. पत्ता, फोन नंबर यांसाठी याच वळणाचा स्वच्छ फॉन्ट आमच्याकडे आहे. मॅटर डावीकडून लावा, उजवी कड मोकळी सोडा. गुळगुळीत आर्ट पेपरपेक्षा मॅपलिथो (बिनचकाकीचा साधा छपाईचा कागद) किंवा हातकागद घ्या.

फुकटच्या फॉन्टांत बहुधा प्रत्येक 'र' एकाच जागी खरचटलेला असतो, आणि 'बरोबर' लिहिलं की लबाडी लगेच दिसते. आम्ही नेहमीच्या अक्षरांचे तीन-तीन ठसे केलेत. शेजारी कोणता बसवायचा ते हाताने ठरवतो. त्यामुळे दर थोडा जास्त आहे.

मजकूर साध्या युनिकोडमध्ये, काहीही न सजवता पाठवा. पहिलं प्रूफ कागदावर देतो, त्याचे पैसे नाहीत.