तंजावरचे मोठे देऊळ : कुंभाभिषेकाच्या भाषेच्या वादामागचा इतिहास

तंजावरला जाणाऱ्या मराठी प्रवाशाच्या कानावर एकाच देवळाची तीन नावे पडतात. पर्यटनाच्या पुस्तिकांत ते ‘बृहदीश्वर’ असते, शैव भाविक त्याला ‘पेरुवुडैयार कोविल’ म्हणतात आणि गावातला माणूस नुसते ‘पेरिय कोविल’, म्हणजे मोठे देऊळ, म्हणून मोकळा होतो. ज्याने ते बांधले, त्या पहिल्या राजराज चोळाच्या शिलालेखांत मात्र यांतले एकही नाव रूढ नाही. तिथे ‘राजराजेश्वरम्’ आहे. ५ फेब्रुवारी २०२० रोजी तेवीस वर्षांच्या खंडानंतर या देवळाचा कुंभाभिषेक, म्हणजे जीर्णोद्धारानंतर शिखरावर मंत्रवलेले पाणी ओतण्याचा विधी, झाला, आणि त्यापूर्वी तो संस्कृतात व्हावा की तमिळमध्ये याचा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला. तो वाद समजून घेण्यासाठी या नावांच्या गुंत्यापासूनच सुरुवात करावी लागते.

इ. स. १०१० मध्ये, आपल्या राज्यारोहणाच्या पंचविसाव्या वर्षी, राजराजाने विमानाच्या, म्हणजे गाभाऱ्यावरच्या उंच मनोऱ्याच्या, शिखरावर बसवण्यासाठी सोन्याने मढवलेला कलश दिला. विमानाची उंची, एकसंध दगडाच्या दंतकथा, जमिनीवर न पडणाऱ्या सावलीची गोष्ट हे सारे वाचकांना ठाऊक आहे. त्यातली सावलीची गोष्ट खरी नाही, एवढे सांगून पुढे जाऊ. अधिक मोलाचा मजकूर विमानाच्या पायथ्याशी आहे. ‘आम्ही दिले ते, आमच्या थोरल्या बहिणीने दिले ते, आमच्या राण्यांनी दिले ते आणि इतरांनी दिले ते’ दगडावर कोरा, अशी राजाची आज्ञा तिथे आहे, आणि ती अक्षरशः पाळलेली दिसते. चारशे देवळी नर्तकींची यादी आहे. कोणत्या आळीत, कितव्या घरात कोण राहते, ती मूळची कोणत्या देवळातली आणि तिचा भातातला वाटा किती, हे सगळे नोंदलेले आहे. सोने तोलण्याच्या वजनाला आणि धान्य मोजण्याच्या मापाला ‘आडवल्लान्’, म्हणजे नाचण्यात निपुण, असे नटराजाचेच नाव दिलेले आहे.

याच शिलालेखांत वादाच्या मुळाशी असलेली एक नोंद आहे. देवापुढे ‘तिरुप्पदियम्’, म्हणजे शैव संतांची तमिळ पदे, गाण्यासाठी राजाने अठ्ठेचाळीस गायक नेमले आणि त्यांच्या साथीला दोन वादक दिले. या पन्नास जणांना रोज प्रत्येकी तीन कुरुणी (धान्याचे एक जुने माप) भात देवळाच्या कोठारातून मिळे. तमिळ पदे हा या देवळाच्या पूजेचा भाग हजार वर्षांपूर्वीच होता, आणि त्यासाठी शिधा बांधून दिलेला होता. या एका नोंदीमुळे तमिळचा आग्रह म्हणजे आजकालच्या राजकारणाने काढलेली नवी टूम आहे, हे म्हणणे टिकत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे.

मधली शतके इथे थोडक्यात आटोपावी लागतील. देवीचे स्वतंत्र देऊळ चोळांनंतरच्या पांड्य राजांच्या काळातले आहे. समोरचा अजस्र नंदी आणि सुब्रह्मण्याचे (कार्तिकेयाचे) नाजूक कोरीवकामाचे देऊळ मराठ्यांपूर्वी तंजावरवर राज्य करणाऱ्या नायक घराण्याच्या काळातले आहे. गाभाऱ्याभोवतीच्या अंधाऱ्या बोळात नायकांनी जुन्या भिंतींवर नवी चित्रे रंगवली. त्यांच्याखाली चोळकालीन चित्रे आहेत हे १९३१ मध्ये उजेडात आले. वरचा थर असा निघत गेला, तशी जुनी ओळखही उशिराच परत मिळाली. संस्कृत स्थलमाहात्म्य हे देऊळ एका वेगळ्याच, कुष्ठातून बऱ्या झालेल्या चोळ राजाच्या नावावर घालते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लेखांचे पद्धतशीर वाचन झाले, तेव्हा कुठे राजराजाचे कर्तृत्व निर्विवाद ठरले.

मराठ्यांचा संबंध १६७५ च्या सुमारास व्यंकोजी भोसल्यांनी तंजावर घेतल्यापासूनचा. प्राकाराच्या, म्हणजे देवळाच्या भिंतबंद आवाराच्या, नैऋत्येकडील ओवरीत गेले की तमिळ आणि ग्रंथ (दक्षिणेत संस्कृत लिहिण्याची जुनी लिपी) या लिपींच्या अक्षरांना सरावलेल्या डोळ्यांसमोर एकदम देवनागरी शिरोरेषा येतात, ओळीमागून ओळ, भिंतभर. हा भोसले वंशाचा मराठी इतिहास दुसऱ्या सरफोजी राजांनी १८०३ मध्ये कोरवून घेतला. त्याआधी चारच वर्षे, १७९९ च्या तहाने, राज्याचा कारभार कंपनीकडे गेला होता आणि राजांच्या हाती किल्ल्यापलीकडे फारसे काही उरले नव्हते. राजराजाने दाने कोरली ती सत्तेच्या भरात. सरफोजींनी वंशकथा कोरली ती सत्ता हातून गेल्यावर. त्या भिंतीपुढे उभे राहून मजकूर वाचताना हा फरक मनातून जात नाही.

१८५५ मध्ये गादी खालसा झाली, तरी देवळाशी घराण्याचे नाते तुटले नाही. राजवाडा देवस्थानाच्या ताब्यातील अठ्ठ्याऐंशी देवळांत हे मोठे देऊळ येते आणि भोसले घराण्यातील ज्येष्ठ पुरुष त्याचे वंशपरंपरागत विश्वस्त असतात. त्यांच्यावर राज्याच्या धर्मादाय विभागाची देखरेख असते, तर वास्तूची जपणूक केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे आहे. १९८७ पासून हा जागतिक वारसाही आहे. त्यामुळे आवारात काहीही करायचे म्हटले की अधिकार कोणाचा, हा प्रश्न उभा राहतो. डिसेंबर २०१८ मध्ये एका आध्यात्मिक संस्थेचा कार्यक्रम प्राकारात मांडव घालून होणार होता. तो न्यायालयाने थांबवला.

आता कुंभाभिषेकाविषयी. मराठी वाचकाला या शब्दाने कलशारोहण आठवते, पण दोन्ही विधी एक नव्हेत. कलशारोहण देऊळ पुरे झाल्यावर होते. कुंभाभिषेक पुन्हा पुन्हा होतो, साधारण बारा वर्षांनी व्हावा असा संकेत आहे. जीर्णोद्धार सुरू करण्यापूर्वी मूर्तींतील दैवी अंश पाण्याच्या कुंभांत आवाहन करून ठेवतात, दुरुस्ती झाल्यावर यज्ञशाळेत त्या कुंभांची पूजा होते आणि शेवटी पुजारी ते डोक्यावर घेऊन शिखरापर्यंत चढतात व पाणी कलशावर ओततात. शुद्ध तमिळचे आग्रही याला ‘कुडमुळुक्कु’ म्हणतात : कुडम् म्हणजे घडा, मुळुक्कु म्हणजे न्हाऊ घालणे. अर्थ तोच आहे, पण कोण कोणता शब्द वापरतो यावरून २०२० मध्ये बोलणाऱ्याची बाजू कळत होती.

एका पक्षाचे म्हणणे असे की देऊळ तमिळ राजाचे, लेख तमिळ, पदे तमिळ, तर शिखरावरचे मंत्रही तमिळच असावेत. दुसऱ्या पक्षाच्या मते विधी आगमांनी, म्हणजे देवळांच्या पूजाविधीच्या शास्त्रग्रंथांनी, ठरवलेला आहे, आगम संस्कृतात आहेत आणि भाषा बदलली तर विधीच बदलतो. धर्मादाय विभागाने दोन्ही भाषांना स्थान देण्याची हमी प्रतिज्ञापत्रावर दिली, आणि ३१ जानेवारी २०२० रोजी मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने तीच व्यवस्था मान्य केली. निर्णय समंजस होता. मात्र आगमांचा पक्ष लेखांतल्या पन्नास जणांच्या नोंदीला कधीच नीट उत्तर देऊ शकला नाही, आणि निव्वळ तमिळचा पक्ष त्याच भिंतींवरील राजराजाच्या संस्कृत श्लोकाकडे डोळेझाक करत राहिला.

आधीच्या कुंभाभिषेकाची आठवण याहून कडू होती. ७ जून १९९७ रोजी यज्ञशाळेच्या मांडवाला आग लागली, बाहेर पडण्यासाठी झुंबड उडाली आणि चाळीसहून अधिक भाविक प्राणास मुकले. म्हणून २०२० मध्ये यज्ञशाळा देवळाच्या आवाराबाहेर उभारली गेली, आणि ५ फेब्रुवारीच्या सकाळी तिथून निघालेले कुंभ शिखरावर पोहोचले तेव्हा संस्कृत मंत्रांच्या बरोबरीने तमिळ पदेही गायली गेली.