घरच्यांना सांगण्याचे विनोदी चित्रपट : खान्देशातील मतभेदांची पार्श्वभूमी

आपण समलिंगी आहोत हे मुलाने किंवा मुलीने घरच्यांना सांगायचे आणि त्यातून उडालेल्या गोंधळावर प्रेक्षकांनी हसायचे, अशा धाटणीचे हिंदी चित्रपट २०१९ ते २०२२ या काळात लागोपाठ आले. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत त्यांच्याविषयी जी मते ऐकू येतात, त्यांत ‘असे चित्रपट निघावेत की नाही’ हा वाद बराच मागे पडलेला दिसतो. मतभेद उरला आहे तो शेवटाबद्दल, आणि त्याहूनही अधिक मांडवात उभ्या केलेल्या मुलीबद्दल. घरच्यांच्या समाधानासाठी उरकलेले लग्न हा विनोदाचा विषय होऊ शकतो का, आणि झालाच तर हसायचे कोणाला, या प्रश्नावर एकाच घरातील सासू, सून आणि पुण्याहून सुटीवर आलेला मुलगा यांची तोंडे तीन दिशांना असतात.

स्त्रीवेशातील पुरुष खान्देशाला नवा नाही. तमाशातला नाच्या, गावजत्रेतल्या सोंगांमध्ये लुगडे नेसून उतरणारे गडी, सातपुड्याच्या पायथ्याकडील सोंगाड्या पार्टीत बाईची भूमिका करणारे पुरुष हे सर्वांच्या पाहण्यातले आहे. बालगंधर्वांनी लहानपणी गायनाचे धडे घेतले ते जळगावात, आणि शहरातले खुले नाट्यगृह आजही त्यांच्याच नावाने ओळखले जाते. या परंपरेकडे बोट दाखवून ‘आपल्याकडे हे सारे पूर्वीपासून मान्यच होते’ असे अलीकडे सांगितले जाते, ते मात्र फार घाईचे विधान आहे. नाच्याने रंग पुसला की तो कोणाचा तरी नवरा आणि कोणाचा तरी बाप असे, आणि तसा तो असल्यामुळेच त्याच्या सोंगाला कोणी हरकत घेत नसे. वंशाला आणि सोयरिकीला धक्का लागत नाही तोवर गावाला त्याच्याशी काही देणेघेणे नव्हते. मराठी रंगभूमीने समलिंगी प्रेमाचा विषय थेट हाताळला तो १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ‘मित्राची गोष्ट’मध्ये, आणि तिथे नायिकेच्या वाट्याला मरण आले. शोकांतिकेत असे पात्र प्रेक्षक सहन करतो, कारण शेवटी ते उरत नाही. ते पात्र जिवंत राहून दिवाणखान्यात आईवडिलांसमोर बसते तेव्हा अवघड होते, आणि विनोदी चित्रपटाला नेमके तेच करावे लागते.

पुढचा टप्पा इथे फारसा उगाळण्याची गरज नाही. १९९८ साली दोन स्त्रियांच्या प्रेमावरच्या ‘फायर’वरून मुंबई-दिल्लीत चित्रपटगृहांची मोडतोड झाली, खान्देशात तो वाद बहुतेकांनी वर्तमानपत्रातून वाचला. २००८ च्या ‘दोस्ताना’त दोन पुरुष घर भाड्याने मिळावे म्हणून जोडपे असल्याचे खोटेच सांगतात, आणि त्यातल्या एकाची आई आधी आकांत करून नंतर मुलाच्या ‘जोडीदारा’च्या हाती बांगड्या ठेवते. हिंदी पडद्यावर आईने मुलाला हसत हसत स्वीकारल्याचा हा बहुधा सर्वाधिक लोकांनी पाहिलेला प्रसंग, आणि तो संपूर्ण बनावावर उभा होता, हे विसरता येत नाही. २००९ चा दिल्ली उच्च न्यायालयाचा निकाल, २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फिरवलेले चक्र आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी कलम ३७७ चा समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारा भाग रद्द होणे, हा क्रम वाचकांना ठाऊक आहे. त्या निकालाने निर्मात्यांची भीड चेपली. खलनायकाची जागा पोलीस आणि कायदा यांनी सोडली, आणि ती भरून काढायला कुटुंब आले.

२०१९ च्या ‘एक लडकी को देखा तो ऐसा लगा’मध्ये पंजाबातील लहान शहरातल्या मुलीचे सत्य नाटकाच्या मंचावरून उलगडते आणि बाप प्रेक्षकांतून उठून तिच्याकडे जातो. खान्देशात या चित्रपटाची चर्चा बेताचीच झाली. अधिक बोलले गेले ते २१ फेब्रुवारी २०२० रोजी लागलेल्या ‘शुभ मंगल ज्यादा सावधान’वर. त्याला एक कारण अगदी योगायोगाचे आहे. चित्रपट लागून महिना होत नाही तोच साथीमुळे राज्यातील चित्रपटगृहे बंद झाली, आणि ज्यांनी तो पाहिला त्यांतल्या अनेकांनी टाळेबंदीत घरी पाहिला. थिएटरच्या अंधारात शिट्टी वाजवणारा तरुण हा चित्रपट घरच्या टीव्हीवर जिभाऊंच्या, म्हणजे घरातल्या वडीलधाऱ्यांच्या, शेजारी बसून पाहू शकत नव्हता. त्याने तो पांघरुणात मोबाईलवर पाहिला. सासू-सुनांनी तो दुपारची कामे आटोपल्यावर टीव्हीवर पाहिला. एकच चित्रपट, पण कोणाला त्यात भर मांडवातले चुंबन दिसले, तर कोणाला आईबापांची फजिती दिसली. या चित्रपटांविषयीची मते इतकी फाटलेली का आहेत, याचे बरेचसे उत्तर या पाहण्याच्या रीतीत आहे.

आणखी एक गोष्ट इथल्या शेतकरी प्रेक्षकांनी बरोबर हेरली. नायकाचा बाप हा कृषिशास्त्रज्ञ आहे, त्याने काळी फुलकोबी तयार केली आहे, आणि तिच्यावरून शेतकरी त्याच्यावर चिडलेले आहेत. निसर्गात नसलेली भाजी अभिमानाने निर्माण करणारा माणूस आगगाडीत मुलाला दुसऱ्या मुलाचे चुंबन घेताना पाहतो आणि त्याला ओकारी होते. ज्या गावात कापसाच्या नव्या वाणावर आणि केळीच्या ऊतिसंवर्धित रोपांवर पारावर तासन् तास वाद झडतात, तिथे या उपहासाचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागला नाही.

खान्देशातील कुटुंबात हा प्रश्न कोणत्या रूपात येतो, ते पाहिल्याशिवाय पुढचा वाद कळणार नाही. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई, म्हणजे खान्देशातल्या घरोघरची देवी, बसते. पुणे, मुंबई, सुरत येथे नोकरीला गेलेली भाऊबंदकी गावी येते, रोटांसाठी सव्वाच्या मापाने गहू दळले जातात, आणि तो प्रसाद भाऊबंदांतच वाटून खाल्ला जातो. सोमवारी विसर्जन होईपर्यंत तिशीच्या आसपासच्या प्रत्येक अविवाहित मुलाला निदान पाच जणांनी ‘मग भाऊ, बार कधी उडवायचा?’ असे विचारलेले असते. आजीचा पुढचा प्रश्न अहिराणीत असतो : ‘लोके काय म्हनतीन?’ मुलाचा बायोडाटा समाजाच्या व्हॉट्सॲप समूहांवर त्याच्या आधी पोहोचलेला असतो. त्यात आणखी एक पीळ आहे. २०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यातील शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे मुलींची संख्या ८५० चाही आकडा गाठू शकली नव्हती, आणि शेती करणाऱ्या मुलाला मुलगी मिळत नाही ही तक्रार तर घरोघरची आहे. अशा वेळी पुण्यात पगारदार नोकरी असलेला मुलगा चालून आलेली स्थळे परतवू लागला, की घरच्यांना त्यात माज दिसतो, किंवा दुसऱ्या जातीची मुलगी दिसते. तिसरी शक्यता शेवटपर्यंत कोणाच्या डोक्यात येत नाही. आलीच, तर ‘लग्न लावून द्या, सगळे सुरळीत होईल’ हा उपाय तयार असतो.

वादाचा गाभा इथे आहे. २०२० च्या चित्रपटात मुलाचे लग्न कुसुम नावाच्या मुलीशी ठरवले जाते. पण कुसुमचे स्वतःचेच दुसरीकडे जुळलेले असते आणि ऐन वेळी ती निघून जाते. ११ फेब्रुवारी २०२२ रोजी आलेल्या ‘बधाई दो’ने हाच धागा संपूर्ण कथेचा पाया केला. डेहराडूनमधील समलिंगी पोलीस अधिकारी आणि समलिंगी शारीरिक शिक्षण शिक्षिका एकमेकांशी लग्न करतात, म्हणजे दोन्ही घरांचा ससेमिरा एकदम सुटावा. मग सासरचे मूल कधी म्हणून विचारू लागतात, सासू राहायला येते, पितळ उघडे पडते, आणि अखेरीस दोघांना मूल दत्तक घेण्यासाठी नवरा-बायको म्हणूनच राहावे लागते. बाळाच्या पूजेला त्या दोघांसह दोघांचे जोडीदारही नातेवाइकांसमोर बसतात.

हा शेवट खान्देशातील ज्येष्ठ प्रेक्षकांना आवडला, आणि त्यांना तो का आवडला हेच तरुणांना खुपले. ज्येष्ठांच्या हिशेबाने सर्व काही जागच्या जागी आले : लग्न झाले, पाळणा हलला, पूजा झाली, चार लोकांत मान राहिला, बंद दाराआड कोण कोणाबरोबर राहते याची चौकशी करू नये एवढा समजूतदारपणा गावाला असतोच. नाच्याच्या बाबतीत गावाने केलेली तडजोड हीच होती. तरुणांचे, विशेषतः शहरांत राहून गावी येणाऱ्यांचे म्हणणे असे, की चित्रपटाने दोन तास धीर गोळा केला आणि शेवटी तो कुटुंबाच्या चरणी वाहिला. उद्या एखाद्या मुलाने घरी तोंड उघडले, तर घरचेच त्याला हा चित्रपट दाखवून तोडगा म्हणून पुढे करतील. ही भीती अगदीच काल्पनिक म्हणता येत नाही.

तिसरे मत विवाहित स्त्रियांचे आहे. ते छापून येत नाही, भिशीच्या बैठकीत आणि माहेरी आलेल्या मुलींच्या गप्पांत येते, आणि प्रस्तुत लेखकाला तेच सर्वांत वजनदार वाटते. त्या म्हणतात, दोन्ही चित्रपटांनी मुलीला सोयीस्करपणे मोकळे करून ठेवले. कुसुमचा प्रियकर आहे. शिक्षिकेला पुरुष नकोच आहे. त्यामुळे नायकाच्या घरच्यांनी केलेल्या सक्तीची किंमत कोणाही मुलीला मोजावी लागत नाही, आणि म्हणूनच प्रेक्षक मोकळेपणाने हसू शकतो. प्रत्यक्षात मांडवात उभी राहणारी मुलगी यांपैकी कोणीच नसते. तिच्या बापाने हळद, मांडव आणि मानपानासाठी उसनवारी केलेली असते, तिला काहीही सांगितलेले नसते, आणि लग्नानंतर वर्ष-दोन वर्षे ‘तुझ्यातच काहीतरी उणे आहे’ हे ऐकत तीच डॉक्टरांच्या पायऱ्या झिजवते. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १२ नुसार फसवून मिळवलेल्या संमतीच्या आधारे लग्न रद्द करून घेता येते, परंतु फसवणूक उघडकीस आल्यापासून एका वर्षाच्या आत न्यायालयात जावे लागते. माहेरी परत येऊन भाऊबंदकीसमोर कारण सांगायचे की गप्प राहायचे, यातच ते वर्ष निघून जाते. या मुलीवर विनोदी चित्रपट निघू शकत नाही हे उघडच आहे. पण तिला पटकथेतून काढून टाकल्यावरच हा विनोद उभा राहतो, हा आक्षेप आजवर कोणी खोडून काढलेला नाही. समीक्षकांनी नट, संवाद आणि पार्श्वसंगीत यांवर रकाने भरले, आणि याविषयी एखादे वाक्य लिहिले.

‘बधाई दो’च्या बाजूने एक मुद्दा मात्र प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. त्याचा शेवट हा लेखकांच्या भित्रेपणाइतकाच कायद्याच्या मर्यादेचाही परिणाम आहे. दत्तकविधानाच्या नियमांनुसार मूल एकतर विवाहित दांपत्याला मिळते, नाहीतर एकट्या व्यक्तीला, आणि एकट्या पुरुषाला तर मुलगी दत्तक घेता येत नाही. अविवाहित जोडपे, मग ते कोणतेही असो, या चौकटीत बसत नाही. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच सदस्यांच्या घटनापीठाने विवाह हा मूलभूत हक्क नाही असा एकमुखी निर्वाळा दिला, आणि समलिंगी जोडप्यांना दत्तक घेऊ देण्याचा मुद्दा तीन विरुद्ध दोन अशा मतांनी फेटाळला. चित्रपट त्याच्या दीड वर्षाहून अधिक आधीचा. निकालानंतर त्याचा शेवट अनेकांनी नव्याने पाहिला, आणि ज्या तरुणांना तो शरणागतीचा वाटला होता, त्यांतल्या काहींना आता तो परिस्थितीचे नेमके वर्णन वाटू लागला. ज्येष्ठांचे मत यामुळे बदलले नाही. उलट ‘आम्ही काय म्हणत होतो?’ असा त्यांचा सूर राहिला.

त्यानंतरच्या घडामोडी कागदोपत्री आहेत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३७७ ची जागा भरणारे कलमच नाही. त्याच वर्षी केंद्र सरकारने समलिंगी जोडप्यांना संयुक्त बँक खाते उघडण्यास आणि जोडीदाराला खात्याचा नॉमिनी म्हणून नेमण्यास अडसर नसल्याचे स्पष्ट केले, आणि शिधापत्रिकेच्या कामी अशा जोडीदारांना एकाच कुटुंबाचे घटक मानावे असे राज्यांना कळवले. ९ जानेवारी २०२५ रोजी २०२३ च्या निकालावरील पुनर्विचार याचिका फेटाळल्या गेल्या. यांपैकी शिधापत्रिकेचा मुद्दा खान्देशातील घरांना सर्वांत आधी समजण्यासारखा आहे, कारण इथे भाऊ वेगळे झाले हे चुलीइतकेच रेशनकार्डावरून ठरते, आणि एका कार्डावर नाव असणे म्हणजे एका घरातले असणे. मात्र त्या पत्राने दत्तकाचा नियम बदललेला नाही, आणि लग्नाचाही नाही. ‘बधाई दो’ची पटकथा आज नव्याने लिहायला घेतली, तरी बाळाच्या पूजेला नवरा-बायको म्हणून त्याच दोघांना बसवावे लागेल.