फाटलेल्या ओठाची मोफत शस्त्रक्रिया: मुंबईत नाव कुठे नोंदवायचं, कागद कोणते न्यायचे

बाळ दुभंगलेला ओठ किंवा टाळू घेऊन जन्मलं की घरात पहिली चर्चा ग्रहणाची होते. आईने ग्रहणात विळी हातात घेतली होती म्हणे. साधारण 700 जन्मांमागे एका बाळात हे व्यंग दिसतं आणि त्यात ग्रहणाचा काही संबंध नाही. दुसरी चर्चा पैशांची. तिचा शेवट बहुतेक वेळा "बाहेरचे डॉक्टर शिबिराला येतील तेव्हा बघू" असा होतो.

शिबिरं खरी आहेत. 'ऑपरेशन स्माइल' ही संस्था 1982 मध्ये बाहेरच्या डॉक्टरांच्या फिलिपिन्समधल्या अशाच एका दौऱ्यातून उभी राहिली. मुंबईहून 1991 मध्ये निघालेली 'लाइफलाइन एक्सप्रेस' तर रुळांवरचं रुग्णालयच आहे. पण ती गाडी जिथे सर्जन पोहोचत नाही अशा गावांसाठी. 1999 मध्ये सुरू झालेल्या 'स्माइल ट्रेन' या संस्थेने (ही गाडी नव्हे) वेगळी वाट धरली: स्थानिक सर्जनना प्रशिक्षण आणि पैसे द्यायचे, म्हणजे शस्त्रक्रिया वर्षभर होतात. म्हणून मुंबईत राहणाऱ्याने शिबिराच्या तारखेवर अडून बसू नये. केईएम, नायर, सायन किंवा जेजेच्या प्लास्टिक सर्जरी ओपीडीत आधी केसपेपर काढावा आणि शिबिर लागलंच तर तिथेही नाव द्यावं.

कोणाला घेतात

शिबिराचा मुख्य निकष वैद्यकीय असतो. नाव नोंदवलं म्हणजे शस्त्रक्रिया पक्की, असं नाही. आधी तपासणीचा दिवस असतो. ओठासाठी डॉक्टर पूर्वीपासून दहाचा हिशेब धरतात: वय किमान 10 आठवडे, वजन 10 पौंड म्हणजे साधारण साडेचार किलो आणि हिमोग्लोबिन 10. टाळूची शस्त्रक्रिया बहुधा 9 ते 18 महिन्यांच्या दरम्यान, बोलणं पक्कं होण्याआधी. टाळू फाटलेल्या बाळाला दूध ओढता येत नाही, त्यामुळे वजन अडतं. वाटी-चमच्याने कसं पाजायचं हे पहिल्याच भेटीत विचारून घ्या. सर्दी, ताप किंवा खोकला असेल तर भूलतज्ज्ञ तारीख पुढे ढकलतो. त्याच्याशी वाद घालू नका, तो बाळाच्याच बाजूने असतो.

कागद

बाळाचा जन्मदाखला, आईवडिलांचं आधार, रेशनकार्ड, लसीकरणाचं कार्ड आणि आधीचे सगळे रिपोर्ट. मूळ प्रती आणि झेरॉक्स दोन्ही. सगळ्यात जास्त अडतं ते मात्र संमतीपत्रावर. माझ्या ओळखीतली एक आजी नातवाला घेऊन पहाटेपासून रांगेत होती. आई कामावर, बाप गावी. नंबर आला तेव्हा सही करायला पालकच नाही आणि बाळ परत. त्या दिवशी आईची एक खाडा-रजा सगळ्या कागदांपेक्षा मोलाची असते. सही करण्याआधी मजकूर मराठीत किंवा तुम्हाला कळेल त्या भाषेत समजावून मागा.

खासगी रुग्णालयात जायचं असेल तर

धर्मादाय न्यासांच्या मोठ्या रुग्णालयांना 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखाव्या लागतात. सार्वजनिक न्यास कायद्याचं कलम 41 एए आणि 2006 मधली उच्च न्यायालयाची योजना हा त्याचा आधार. निर्धनांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 1 लाख 80 हजार, दुर्बलांसाठी 3 लाख 60 हजार. पुरावा म्हणून तहसीलदाराचा उत्पन्न दाखला किंवा रेशनकार्ड लागतं. दाखल्याचा अर्ज 'आपले सरकार' पोर्टलवर किंवा सेतू केंद्रात करता येतो. गोवंडी-मानखुर्दकरांचा तालुका कुर्ला, हे अर्जात चुकू देऊ नका. दाखला हातात यायला दिवस लागतात, म्हणून शस्त्रक्रियेची तारीख मिळण्याआधीच अर्ज टाका.

रुग्णालयात बिलिंगच्या खिडकीवर भांडण्यापेक्षा थेट समाजसेवा अधिकाऱ्याला, म्हणजे एमएसडब्ल्यूला भेटा. "खाट नाही" हे उत्तर मिळालं तर ते लेखी मागा. तक्रार वरळीच्या धर्मादाय आयुक्तालयात करता येते.

महात्मा फुले जनआरोग्य योजना म्हणजे राज्य सरकारची मोफत उपचारांची योजना. तिच्यासाठी रुग्णालयात बसणारा योजनेचा मदतनीस, म्हणजे आरोग्यमित्र गाठा. रुग्णालय योजनेत आहे का आणि तुमची शस्त्रक्रिया यादीत बसते का, हे दोन्ही त्यालाच विचारा. पूर्वमंजुरी आल्याशिवाय पैसे भरू नका. अंगणवाडीतून किंवा शाळेतून नाव गेलं तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचीही वाट आहे. त्यात 18 वर्षांपर्यंतची मुलं येतात.

आदल्या रात्री

भुलेआधी उपाशी ठेवण्याचा सर्वसाधारण हिशेब असा: वरचं दूध किंवा खाणं 6 तास आधी बंद, आईचं दूध 4 तास, साधं पाणी 2 तास. नेमकी वेळ वॉर्डातली सिस्टर सांगेल ती. रडतं म्हणून आजीने गुपचूप बिस्कीट दिलं, तर ते लपवू नका. पोटातलं अन्न भुलेत श्वासनलिकेत जाऊ शकतं.

घरी निघताना डिस्चार्ज कार्डावर शस्त्रक्रियेचा प्रकार, सर्जनचं नाव आणि पुढची तारीख लिहिली आहे ना, ते तपासा. टाळू शिवलेल्या मुलाला पुढे वाचा-उपचार लागू शकतात, हिरडी फाटलेली असेल तर बहुधा 8 ते 11 वर्षांच्या सुमारास तिथे हाड भरावं लागतं. शिबिराचे डॉक्टर तोवर परत गेलेले असतील. पुढच्या डॉक्टरला तेच कार्ड दाखवायचं आहे.