अंड्यावरच्या कोंबडीचा घरचा दाणा

परसात दहा-वीस कोंबड्या पाळणारे मराठवाड्यातले लोक पुन्हा एकदा एक प्रश्न विचारू लागलेत: विकतचं खाद्य बंद करून घरच्या ज्वारीवर कोंबडी अंडी देईल का? आजीच्या कोंबड्या तर देत होत्या. मग आजीच्या कोंबड्या खात काय होत्या, तिथूनच सुरुवात करायला हवी.

सकाळी खुराड्याची फळी सरकवली की आजी सूप घेऊन उंबऱ्याशी बसायची. पाखडून उरलेली बारीक, फुटकी ज्वारी अंगणात पडायची. दहा कोंबड्यांत दोन मुठी, बस्स. त्यानंतर संध्याकाळी खुराड्यात परत येईपर्यंत कोंबडीचं पोट ही कोंबडीचीच जबाबदारी. उकिरड्यातले किडे, शेणातल्या अळ्या, लाकडाखालची वाळवी, तांदुळजा-घोळीचा कोवळा पाला, खळ्यावर सांडलेला मूग, तुरीची चुणी. दुपारी तीच कोंबडी माळवदाच्या भिंतीतली पांढरी माती टोचताना दिसायची. आम्ही पोरं तिला हाकलायचो. तिला चुना लागतो म्हणून ती टोचते, हे मला फार उशिरा कळलं.

म्हणजे ज्वारी हा त्या आहाराचा एक भाग होता, अख्खा आहार कधीच नव्हता. हिशेब मांडला की हे लख्ख दिसतं. ज्वारीत शेकडा 10 च्या आसपास प्रथिनं असतात. दिवसाला 110 ग्रॅम खाणाऱ्या कोंबडीला नुसती ज्वारी घातली तर 11 ग्रॅम प्रथिनं मिळतील. रोज अंडं देणाऱ्या संकरित कोंबडीला लागतात 18 ग्रॅम. चुन्याचं गणित तर आणखी बिकट आहे. एका अंड्याच्या कवचात सुमारे 2 ग्रॅम कॅल्शियम जातं आणि 100 ग्रॅम ज्वारीत ते जेमतेम 25-30 मिलिग्रॅम. आजीची गावरान कोंबडी वर्षाला 60-80 अंडी द्यायची, मधे खुडूक बसायची. तेवढ्या अंड्यांपुरतं उकिरडा आणि भिंत पुरवून द्यायची.

अख्ख्या धान्याचं मोल जगाला कळलं तेही कोंबडीमुळेच. 1890 च्या दशकात जावा बेटावर ख्रिस्तियान आइकमन हा डच डॉक्टर बेरीबेरी या हातपाय लुळे पाडणाऱ्या आजाराच्या मागावर होता. त्याच्या प्रयोगशाळेतल्या कोंबड्या अचानक लुळ्या पडू लागल्या आणि काही महिन्यांनी आपोआप सावरल्या. चौकशी केली तेव्हा कळलं, की मधल्या काळात त्यांना लष्करी इस्पितळातला उरलेला पांढरा भात घातला जात होता. नव्या स्वयंपाक्याने तो द्यायचं नाकारल्यावर साधा, कोंड्यासकटचा तांदूळ सुरू झाला आणि कोंबड्या उभ्या राहिल्या. कोंड्यातलं ते द्रव्य म्हणजे पुढे ओळखलं गेलेलं बी-1 जीवनसत्त्व. आइकमनला 1929 मध्ये नोबेल मिळालं.

पण कोंबडी बंदिस्त करता आली ती दुसऱ्या दोन शोधांमुळे. 1920 च्या दशकात ड जीवनसत्त्व कळलं आणि उन्हाची गरज माशाच्या तेलावर भागू लागली. 1940 च्या दशकात असं आढळलं, की शेणात पिल्लांच्या वाढीला लागणारं काहीतरी आहे. 1948 मध्ये बी-12 वेगळं काढता आलं आणि त्याचा उलगडा झाला. ऊन आणि उकिरडा, दोन्ही आता पोत्यात भरता येत होते.

आपल्याकडे हे पोतं यायला अजून वेळ होता. 1964 मध्ये सीएसएच-1 ही पहिली संकरित ज्वारी आली आणि खरिपात हायब्रीडची शेतं उभी राहिली. ऐन काढणीत पाऊस लागला की हे कणीस काळं पडायचं. भाकरीला नको झालेली ती ज्वारी जनावरांना, कोंबड्यांना जायची. 1972 च्या दुष्काळात रेशनवर अमेरिकेची तांबडी मिलो ज्वारी आली. तिकडे जे जनावरांना, कोंबड्यांना घालत, ते इकडे माणसांनी खाल्लं. अंगणात दाणा फेकण्याची ऐपतच राहिली नव्हती. पुढे व्यावसायिक पोल्ट्री वाढली, 1982 मध्ये राष्ट्रीय अंडी समन्वय समिती स्थापन झाली, आणि ‘लेअर’ हा शब्द गावोगाव पोचला. वर्षाला 300 च्या घरात अंडी देणाऱ्या या कोंबडीला मका आणि सोयाबीनची पेंड लागते.

आणि सोयाबीन तर आपल्याच रानात आलं. गेल्या तीसेक वर्षांत त्याने खरिपाची ज्वारी, मूग, उडीद मागे सारले. ज्वारी घरातून गेली, सोयाबीन घरात आलं. पण कोंबडीच्या वाट्याला ते आलं नाही. लातूरच्या बाजारात विकायचं आणि त्याचीच पेंड खाद्याच्या पोत्यातून विकत आणायची, असा उलटा फेरा चालू राहिला. 2021 च्या पावसाळ्यात सोयाबीन क्विंटलला 10,000 रुपयांच्या वर गेलं, तेव्हा खाद्य इतकं महागलं की केंद्राने 12 लाख टन पेंडीच्या आयातीला परवानगी दिली. घरचा दाणा पुन्हा आठवायला भाववाढीचा हा धक्काही कारण ठरला.

माझं ठाम मत आहे, की आता घरचं खाद्य करायचं तर आजीची मूठ नव्हे, आजीचं अख्खं परस परत आणावं लागेल. दहा किलोत सहा किलो ज्वारी-बाजरी-मका, दोन किलो भाजलेलं सोयाबीन, एक किलो तिळाची पेंड, उरलेल्या भागात शिंपल्याचा चुरा, थोडं मीठ आणि खनिज मिश्रण, एवढ्याने प्रथिनं शेकडा 17 च्या आसपास जातात. सोयाबीन कच्चं घालू नये. त्यातले घटक प्रथिनं पचू देत नाहीत, म्हणून खमंग भाजूनच घालावं. तिळाची पेंड अशासाठी, की कडधान्यात कमी असलेलं मेथिओनिन, म्हणजे प्रथिनांतला एक गरजेचा घटक, तिळात भरपूर असतं. सरकीची पेंड आपल्याकडे हाताशी असते, पण तिच्यातल्या गॉसिपॉल या द्रव्यामुळे साठवून ठेवलेल्या अंड्याचा बलक हिरवट होतो. बुरशी धरलेली शेंगदाणा पेंड तर दारातूनच परत पाठवावी. 1960 मध्ये इंग्लंडात अशा पेंडीने एक लाखाच्या आसपास टर्की मेल्या आणि अफ्लाटॉक्सिन हे बुरशीच्या विषाचं नाव जगाला माहीत झालं. पेवाच्या कडेची काळपट ज्वारी कोंबड्यांना टाकायची जुनी सवयही याच कारणाने सोडायला हवी.

अख्खा दाणा द्यायचा तर बारीक खडे हवेतच, कारण चोचीत दात नाहीत. दळण होतं ते पोटातल्या पेषणीत, खड्यांच्या जोरावर. मिश्रणावर थोडं ताक शिंपडलं की भुकटी दाण्याला चिकटते, नाहीतर कोंबडी मका वेचते आणि पेंड तळाला राहते. नुसत्या ज्वारीवर बलक फिका पडतो; लसूणघास किंवा शेवग्याचा पाला टांगून ठेवला की तो पिवळाधमक होतो. शिंपल्याचा जाडसर चुरा मात्र थोडा वेगळ्या भांड्यातही ठेवावा. कवच रात्री घडतं, आणि अंड्यावर आलेली कोंबडी दिवस कलला की आपणहून त्या भांड्याकडे जाते.