फोनो कार्ट्रिज : निवड आणि तुलना

फोनो कार्ट्रिज हा टर्नटेबलच्या टोनआर्मच्या, म्हणजे रेकॉर्डवर झुलणाऱ्या हाताच्या, टोकाला बसणारा भाग. रेकॉर्डच्या खाचेतील नागमोडी वळणांचे तो विजेच्या संकेतात रूपांतर करतो. वजन साधारण ५ ते १० ग्रॅम. खाली हिऱ्याचे टोक, ते ज्या बारीक दांडीवर बसवलेले असते ती कॅन्टिलिव्हर, दांडीला मागून धरणारे रबर आणि आत चुंबक व तारेची वेटोळी, एवढाच त्याचा संसार. व्यवहारात या सगळ्यालाच ‘सुई’ किंवा ‘पिन’ म्हणतात. त्यामुळे दुकानात सुई मागताना फक्त टोक व दांडी हवी की अख्खे कार्ट्रिज, हे स्पष्ट सांगावे लागते.

स्टिरिओ रेकॉर्डची खाच इंग्रजी व्ही अक्षरासारखी असते. तिच्या दोन्ही भिंती ४५ अंशांत कललेल्या असतात; आतल्या भिंतीत डावा आणि बाहेरच्या भिंतीत उजवा चॅनेल. या पद्धतीचे पेटंट ॲलन ब्लूमलाइन या ब्रिटिश अभियंत्याने १९३१ मध्ये मागितले होते. बाजारात स्टिरिओ एलपी आल्या त्या १९५८ मध्ये. भिंती अशा तिरक्या असल्याने स्टिरिओ कार्ट्रिजच्या सुईला आडवे आणि उभे असे दोन्हीकडे हलावे लागते. जुन्या मोनो कार्ट्रिजांना उभी हालचाल फारशी जमत नसे. तसल्या कार्ट्रिजवर स्टिरिओ रेकॉर्ड लावली तर खाचेचे नुकसान होते.

प्रकार : कार्ट्रिजची चर्चा बहुतेक वेळा मूव्हिंग मॅग्नेट की मूव्हिंग कॉइल, या प्रश्नापासून सुरू होते आणि तिथेच अडकते. पहिल्या प्रकारात (एमएम) दांडीच्या मागच्या टोकाला इवलासा चुंबक असतो आणि वेटोळी स्थिर असतात. आउटपुट ३ ते ६ मिलिव्होल्ट मिळते आणि सुई बोटांनी ओढून बदलता येते. दुसऱ्या प्रकारात (एमसी) वेटोळीच दांडीवर बसवलेली असतात. ती हलकी ठेवायची तर तार थोडीच गुंडाळता येते, म्हणून आउटपुट ०.२ ते ०.५ मिलिव्होल्ट इतके कमी. त्यासाठी स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर किंवा जास्त वाढ देणारा प्रीअँप (मुख्य अँप्लिफायरच्या आधी क्षीण संकेत वाढवणारे उपकरण) लागतो आणि सुई झिजली की कार्ट्रिज कारागिराकडे पाठवावे लागते. मूव्हिंग आयर्न हा तिसरा प्रकार एमएमच्या जवळचा. तिथे चुंबक आणि वेटोळी दोन्ही स्थिर राहतात आणि हलतो फक्त लोखंडाचा बारीक तुकडा. भारतात घरोघरी असलेल्या सुटसुटीत रेकॉर्ड प्लेअरांत मात्र बहुधा सिरॅमिक किंवा क्रिस्टल कार्ट्रिज असे. त्याचे आउटपुट काहीशे मिलिव्होल्ट, त्यामुळे साध्या अँप्लिफायरवरही ते वाजे. पण खाचेवर त्याचा भार बराच जास्त पडे.

या प्रकारांतला फरक खरा आहे, पण आवाजावर त्याचा परिणाम जितका सांगितला जातो तितका नसतो. डेनॉनचे डीएल-१०३ हे एमसी कार्ट्रिज एनएचके या जपानी नभोवाणीसाठी १९६० च्या दशकात घडवले गेले आणि आजही बनते. आउटपुट ०.३ मिलिव्होल्ट, सुईचा खाचेवरचा भार २.५ ग्रॅम आणि सुईचे टोक सर्वांत साधे, गोलाकार. उलट ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम९५ मालिकेतल्या एमएम कार्ट्रिजला मायक्रोलिनिअर, म्हणजे फार बारीक धारेच्या, टोकाची सुई लावली, तर बारीकसारीक तपशील उचलण्यात ते डीएल-१०३ च्या पुढे जाते. त्यामुळे दोन कार्ट्रिजांची तुलना करताना आधी टोकाचा आकार पाहावा, प्रकार नंतर.

टोकाचा आकार : एलपी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते. बाहेरच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर वेगाने सरकते. लेबलजवळ हा वेग २१ सेंटिमीटरवर येतो. १० किलोहर्ट्झचा स्वर बाहेर ५१ मायक्रॉन लांबीच्या लाटेत कोरलेला असतो, तोच शेवटच्या गाण्यात २१ मायक्रॉनमध्ये कोंबावा लागतो. गोलाकार टोकाची त्रिज्या साधारण १८ मायक्रॉन. इतके जाड टोक त्या लाटेच्या तळापर्यंत पोहोचूच शकत नाही. ते वरून घसरत जाते आणि गायिकेचे ‘स’, ‘श’, ‘च’ थुंकी उडाल्यासारखे फुटतात. लंबगोल टोकाची बाजूची त्रिज्या ८ मायक्रॉनच्या आसपास असते, मायक्रोलिनिअरची त्याहून कितीतरी कमी. शिबाता टोक १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला जेव्हीसीच्या चार चॅनेलच्या सीडी-४ रेकॉर्डसाठी तयार झाले. त्या रेकॉर्डवर ३० किलोहर्ट्झचा वाहक संकेत कोरलेला असे आणि तो वाचायला साधी टोके अपुरी पडत. चार चॅनेलचा धंदा बुडाला, टोक मात्र टिकले.

बारीक टोकाचा आणखी एक फायदा असा की ते भिंतीला आडवे कमी पण उभे जास्त टेकते. दाब उभ्या रेषेवर वाटला जातो, खाच आणि हिरा दोघेही कमी झिजतात. तोटाही आहे : बसवताना जराशी चूक झाली तरी ते लगेच जाणवून देते. गोलाकार टोक त्या बाबतीत सोशिक. ज्याला कार्ट्रिज नीट रेषेत बसवायचा कंटाळा आहे, त्याने महागाचे टोक घेऊ नये.

७८ च्या तबकड्या : मराठी संग्राहकाला हा मुद्दा टाळता येत नाही, कारण बालगंधर्वांची नाट्यपदे आणि सुरुवातीची भावगीते लाखेच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवरच आहेत. भारतात या तबकड्या फार उशिरापर्यंत निघत राहिल्या. १९६० च्या दशकात बीटल्सची गाणीसुद्धा इथे ७८ वर छापली गेली. या खाचेला सुमारे ७५ मायक्रॉनचे, म्हणजे ३ मिलचे (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) टोक लागते. एलपीची सुई तिच्यात तळाला जाऊन नुसती खडखडते. उलट ७८ ची सुई एलपीवर ठेवली तर ती खाचेच्या वरच्या कडा खरवडते. जुन्या प्लेअरमध्ये यासाठी उलटी करता येणारी, दोन्ही बाजूंना वेगळे टोक असलेली सुई असे. आज व्हीएम९५ च्या त्याच देहाला ७८ साठीची एसपी सुई लावता येते. तिचा भार ५ ग्रॅम ठेवतात. खाचेची रुंदी कंपनीगणिक आणि काळागणिक बदलत असल्याने गंभीर संग्राहक दोन-तीन मापांची टोके जवळ बाळगतात : एका मापाने खरखरणारी तबकडी दुसऱ्या मापाने खाचेचा न झिजलेला भाग गाठते आणि स्वच्छ वाजते. मुंबईत १९९० मध्ये स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सच्या वर्तुळात असे जाणकार भेटतात. मोनो तबकडी स्टिरिओ कार्ट्रिजवर वाजवताना दोन्ही चॅनेल एकत्र करावेत. उभ्या हालचालीतून येणारा बराच कचरा त्यामुळे आपसूक गळतो.

आर्मशी जुळणी : आर्म आणि कार्ट्रिजचे वस्तुमान सुईच्या रबरावर झुलत असते, त्यामुळे त्या जोडीला स्वतःची एक कंपनसंख्या असते. ती ८ ते १२ हर्ट्झमध्ये असावी. त्याखाली वाकड्या रेकॉर्डचे हेलकावे आणि पावलांचे धक्के येतात, त्यावर संगीत सुरू होते. हिशेब सोपा आहे : आर्मचे प्रभावी वस्तुमान, कार्ट्रिज आणि स्क्रू यांची ग्रॅममधली बेरीज करायची, तिला कार्ट्रिजच्या कम्प्लायन्सने, म्हणजे सुईच्या रबराच्या लवचिकतेच्या आकड्याने, गुणायचे, वर्गमूळ काढायचे आणि १५९ ला त्याने भागायचे. ऑर्टोफॉनचे २एम रेड ७.२ ग्रॅमचे, कम्प्लायन्स २०. १० ग्रॅमच्या आर्मवर स्क्रूंसह एकूण १८ ग्रॅम होतात आणि उत्तर ८.४ हर्ट्झ येते. चालेल. हेच ३० कम्प्लायन्सचे एखादे मऊ कार्ट्रिज २० ग्रॅमच्या जड आर्मवर चढवले तर उत्तर ५.६ च्या जवळ जाते. मग वाकडी रेकॉर्ड लावताच वूफरचा पडदा आत-बाहेर डोलताना दिसतो. जपानी कंपन्या कम्प्लायन्स बहुधा १०० हर्ट्झला मोजून देतात. तो आकडा दीड ते दोन पटींनी वाढवल्याशिवाय या सूत्रात घालू नये; डीएल-१०३ चा ५ हा आकडा वाचून बरेच जण उगाच घाबरतात.

प्रीअँपशी जुळणी : एमएम कार्ट्रिजला प्रीअँपकडून ४७ किलोओहमचा विद्युत भार (हा सुईच्या ग्रॅममधल्या भारापेक्षा वेगळा) लागतो, हे सर्वांना ठाऊक असते. केबल आणि प्रीअँप मिळून होणाऱ्या कपॅसिटन्सकडे (विद्युतभार साठवण्याच्या क्षमतेकडे) मात्र क्वचितच कोणी पाहते. व्हीएम९५ई च्या (त्याच मालिकेतल्या लंबगोल टोकाच्या कार्ट्रिजच्या) वेटोळ्याचे इंडक्टन्स ५५० मिलिहेन्री आहे. २०० पिकोफॅरडवर त्याचा विद्युत अनुनाद १५ किलोहर्ट्झजवळ पडतो, ४०० वर तो ११ च्याही खाली उतरतो आणि आवाज कर्कश होतो. इंटरनेटवर ‘चरचरीत’ म्हणून बदनाम झालेली कित्येक कार्ट्रिजे खरे तर लांब केबलची शिकार असतात. एमसीला कपॅसिटन्सची फिकीर नसते. तिथे वेटोळ्याच्या रोधाच्या दहापट भार ही ढोबळ रीत चालते.

तुलना कशी करावी : सर्वांत मोठा फसवा घटक म्हणजे आवाजाची पातळी. २एम रेडचे आउटपुट ५.५ मिलिव्होल्ट, व्हीएम९५ई चे ४. फरक सुमारे पावणेतीन डेसिबल. नॉब न हलवता दोन्ही ऐकली तर मोठ्याने वाजणारेच ‘भरदार’ आणि ‘जिवंत’ वाटणार. आउटपुटचे आकडेही एकाच मापाने दिलेले असतील असे नाही. कोणी सेकंदाला ५ सेंटिमीटर वेगाला मोजतो, कोणी ३.५४ ला. यावर उपाय म्हणजे दोन्ही कार्ट्रिजांवर एकच गाणे संगणकावर उतरवणे, पातळी समान करणे आणि कोणते कोणते हे न पाहता ऐकणे. गाणे बाजूच्या शेवटचे घ्यावे, शक्यतो स्त्रीस्वर आणि पेटी असलेले. कार्ट्रिजची लायकी तिथे उघडी पडते. पहिल्या गाण्यावर सगळीच कार्ट्रिजे गुणी असतात.

ऐकण्याआधी दोन्ही सारख्याच काळजीने बसवलेली हवीत. रेकॉर्डच्या मध्यबिंदूपासून ६६ आणि १२१ मिलिमीटरवर दांडी खाचेला स्पर्शरेषेत यावी, ही लोफग्रेन-बेअरवाल्ड मांडणी सर्वाधिक वापरात आहे. भार कंपनीने दिलेल्या पल्ल्याच्या वरच्या बाजूला ठेवावा. हलका भार रेकॉर्डला जपतो, हा समज चुकीचा आहे. कमी भाराने सुई भिंतीवरून सुटून उडते आणि परत आदळते, खरी नासधूस त्यानेच होते.

खर्च आणि झीज : हिऱ्याचे टोक नीट ठेवल्यास साधारण ५०० ते १००० तास चालते, नीलमण्याचे त्याच्या अगदी थोड्या भागाइतके. एलपीच्या एका बाजूची खाच उलगडली तर ४०० मीटरच्या वर भरते, हे लक्षात घेतले की या आकड्यांचे आश्चर्य वाटत नाही. एमएम घेताना पुढच्या सुया कोणत्या लागतात हे आधी पाहावे. २एम रेडच्या देहाला त्याच मालिकेतल्या वरच्या ब्लू मॉडेलची सुई बसते, व्हीएम९५ ला त्या मालिकेतली कोणतीही. स्वस्त देह घेऊन वर्षभराने चांगली सुई लावणे हा, या नोंदीच्या लेखकाच्या मते, सुरुवातीच्या टर्नटेबलसाठी सर्वांत शहाणपणाचा मार्ग आहे. शुअर या अमेरिकन कंपनीने २०१८ मध्ये कार्ट्रिजे बनवणे थांबवले. आता तिच्या १९६४ मध्ये सुरू झालेल्या व्ही१५ घराण्याच्या मालकांना जिकोसारख्या इतर उत्पादकांच्या सुयांवर अवलंबून राहावे लागते, आणि नकली सुयांचा सुळसुळाट आहे.

जुन्या बाजारात सीलबंद डब्यातले दशकानुदशके न वापरलेले कार्ट्रिज मिळाले, तर हिरा नवा असला तरी रबर नवे नसते. ते कडक होते किंवा ढेपाळते. कार्ट्रिज रेकॉर्डवर ठेवून बाजूने पाहावे : देहाचे पोट खाचेला टेकत असेल किंवा दांडी एका बाजूला झुकलेली दिसत असेल, तर किंमत कितीही कमी सांगितली तरी ते घेऊ नये.